ताजुद्दीन बाबा

आपल्या रामाकोन्याची कन्हान पुढे कामठीजवळून वाहते. तिथेच १८६१ साली ताजुद्दीन बाबांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडील गेले, मामांनी वाढवले. पुढे फौजेतली नोकरी सोडून ते अल्लाच्या चिंतनात रमले. लोकांनी वेडे ठरवले आणि १८९२ पासून सुमारे १६ वर्षे त्यांनी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात काढली. राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्या वाड्यात मानाने ठेवले. वाकीला ते पाटलांकडे राहिले.

भुकेल्याला घास, आजाऱ्याची विचारपूस, शेजाऱ्याची काळजी ही इस्लामची रोजची शिकवण. बाबांच्या दारी हिंदू-मुसलमान सारखेच येत. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले. आम्ही उरुसाला ताजबागेत जातो. पण परतल्यावर शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावलो, तरच ते जाणे खरे.