मुख्याध्यापक रामानंद तीर्थ

सतरा सप्टेंबर हा मराठवाड्यात ध्वजवंदनाचा दिवस. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावी, जेथे चालुक्यकालीन केदारेश्वराच्या भिंतींवरील सुरसुंदरी शतकानुशतके उन्हापावसात उभ्या आहेत, तेथेही या दिवशी उजाडण्यापूर्वी उठून मुलांच्या रांगा लावण्याचे काम शाळामास्तरच करीत असतो. ज्या स्वामी रामानंद तीर्थांच्या तसबिरीला त्या सकाळी हार पडतो, ते स्वतःही याच मुलखात मुख्याध्यापक होते. निजामी राजवटीशी झुंजणारा सेनानी आपण लक्षात ठेवला. खडू हाती धरणारा मास्तर मात्र हळूहळू विस्मृतीत गेला. आणि त्या मास्तराच्याही आधी त्यांच्यात एक कामगार संघटक होता, हे तर फारच थोड्यांस ठाऊक असते.

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी कानडी मुलखात झाला. शिक्षणासाठी ते सोलापुरास आले. १९२० साली लोकमान्य निवर्तले, तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचर्याची आणि देशसेवेची प्रतिज्ञा केली. असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सुटली. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली आणि पुढे लोकशाहीच्या विकासावर प्रबंधही लिहिला. ज्या संस्थानात पुढे त्यांचे आयुष्य जावयाचे होते, तेथे लोकशाहीचा मागमूसही नव्हता, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे या चरित्रातील बीजाची होत, असे आम्हांस वाटते. खेडगीकर नारायण मल्हार जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत काम करू लागले. ना. म. जोशी हेही मूळचे शिक्षक. १९०९ साली भारत सेवक समाजात जाण्यापूर्वी काही वर्षे त्यांनी अध्यापनात घालविली होती. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापिली आणि १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत भाग घेतला. तक्रार-अर्ज कसा लिहावा, सभासदांची नोंद कशी ठेवावी, विधिमंडळात मजुराची बाजू आकड्यांनिशी कशी मांडावी, ही विद्या जोशांनी जन्मभर साधली. तिचा संस्कार या तरुणावर झाला. परंतु अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली आणि ते काम सोडावे लागले.

१९२९ साली ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यातील राष्ट्रीय शाळेत आले. त्या काळच्या हैदराबाद संस्थानात शंभर माणसांत दहाही साक्षर नव्हती. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही त्याच माध्यमाचे. मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना शिक्षणाचे दार अशा रीतीने पुढच्या पायरीवर बंद होई. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी, सभा भरवावयाची तरी परवानगी हवी. अशा मुलखात मराठीतून शिकविणारी आणि देशाचे नाव घेणारी शाळा चालविणे हेच एक राजकारण होते. १४ जानेवारी १९३० रोजी खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे अंगावर आली, पण शाळा सुटली नाही. मठात न जाता वर्गात जाणारा संन्यासी आपल्याकडे विरळाच.

१९३५ साली स्वामीजी अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. धर्मापुरीहून अंबाजोगाई फार दूर नाही. हिप्परग्याचे त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे येथेही त्यांच्यासोबत होते. स्वामीजी एकटे कधीच नव्हते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. एका थोर पुरुषाने शाळा काढली, असे आपण सहज लिहून जातो. वस्तुतः शाळा चालते ती एकमेकांना धरून राहणाऱ्या शिक्षकांच्या बळावर. या शाळेतून बाहेर पडलेली कित्येक मुले पुढे मुक्तिसंग्रामात उतरली.

१९३८ साली त्यांनी शाळा सोडली. स्टेट काँग्रेसवर ती धड स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली होती. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. पुढील दहा वर्षांचा इतिहास वाचकांस परिचित आहे: वैयक्तिक सत्याग्रह, १९४२, १९४७ चे ध्वजवंदन आणि पुन्हा अटक, आणि १७ सप्टेंबर १९४८ ची शरणागती. तो येथे विस्ताराने सांगत नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर मात्र स्वामीजी पुन्हा शिक्षणाकडे वळले. १९५० साली त्यांच्या प्रेरणेने नांदेड येथे पीपल्स कॉलेज निघाले. १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे.

या चरित्राचा आपण केलेला एक गैरवापर येथे नोंदविणे प्राप्त आहे. शिक्षकाने वेतन मागितले की त्याच्यापुढे स्वामीजींचा त्याग ठेवला जातो. प्रस्तुत लेखकाने तारुण्यात एका विनाअनुदानित शाळेत काही वर्षे मास्तरकी केली. पगार मागावयास गेले की चालक भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरींकडे बोट दाखवीत. संन्यास ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो. घरी दूधवाल्याची उधारी असलेल्या गृहस्थाला तो आदेशाने देता येत नाही. खासगी शाळांतील शिक्षकास मनमानी बडतर्फीपासून संरक्षण देणारा आणि दाद मागण्यास न्यायाधिकरण देणारा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला. तो चालकांच्या उदारतेने आला नाही. त्यामागे शिक्षक संघटनांचा दीर्घकाळचा रेटा होता. शिक्षणसेवकाचे प्राथमिक स्तरावरील मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले, तेही मागणी सतत लावून धरल्यावर.

संघटनांनाही दोन शब्द ऐकविणे भाग आहे. बदल्या आणि वेतनश्रेणी यांपलीकडे ज्यांची विषयपत्रिका जात नाही, त्यांनी मुख्याध्यापक रामानंद तीर्थांचे नाव फलकावर लावू नये. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले, तेव्हा काही संघटनांनी विरोध केला. खेड्यातील शाळा तीन-चार कोसांवर गेली तर पहिली बाहेर पडेल ती मुलगी, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

बीड जिल्ह्यात ही गोष्ट पुस्तकी नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात आणि पटावरची मुले बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. मुलाला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे ठेवावे म्हणून पालकांची मनधरणी करीत वस्तीवर फिरणारा माणूस शिक्षकच असतो. यंदाचे ध्वजवंदन आटोपले की त्याच्यापुढे हेच काम आहे. मुकादमाने उचल दिलेली घरे त्याला माहीत असतात. त्या घरी तो दिवे लागल्यावर जातो, कारण दिवसा तेथे कोणी भेटत नाही.