चर्चमधलं एक गाणं ऐकलं आणि नास्तिक पोरगा देव मानू लागला

२५ डिसेंबर १८८६. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये नाताळची गर्दी होती. त्या गर्दीत १८ वर्षांचा पॉल क्लोदेलही होता, पण भक्तिभावाने आलेला नव्हता. त्याला लेखक व्हायचं होतं. चर्चमधला सोहळा बघून लिहायला काहीतरी सापडेल, एवढाच त्याचा हिशोब होता.

पॉलचा जन्म ६ ऑगस्ट १८६८ चा, उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यातला. लहानपणी कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला, पण पॅरिसला शिकायला आल्यावर श्रद्धा उडाली. जग म्हणजे नियमांनी चालणारं यंत्र, असं तेव्हाचे बडे विद्वान सांगत. पॉललाही ते पटलं होतं, पण त्यात त्याचा जीव घुसमटत होता.

सकाळची मिस्सा त्याला फारशी भावली नाही. दुपारी दुसरं काही काम नव्हतं, म्हणून तो संध्याप्रार्थनेला परत आला. पांढऱ्या झग्यातली मुलं लॅटिनमध्ये गात होती. ते होतं ‘माग्निफिकात’, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातलं मरियेचं स्तुतिगीत. संध्याप्रार्थनेत ते रोज म्हटलं जातं. पॉलला मात्र हे कुठलं गाणं, तेही ठाऊक नव्हतं. तरी ते ऐकताना एका क्षणात त्याचा देवावर विश्वास बसला. त्याला रडू आलं.

मग तो लगेच भाविक झाला का? नाही. मन वळलं होतं, डोकं वळलं नव्हतं. जुनी मतं जागच्या जागी होती आणि लोक हसतील ही भीतीही होती. त्याच रात्री त्याने बहीण कामीयला भेट मिळालेलं बायबल उघडलं. पुढची चार वर्षं तो वाचत राहिला, स्वतःशी भांडत राहिला. शेवटी २५ डिसेंबर १८९० ला त्याच नोत्र दाममध्ये त्याने ख्रिस्तप्रसाद घेतला.

पुढे तो फ्रान्सचा मोठा कवी आणि नाटककार झाला. राजनैतिक अधिकारी म्हणून चीनमध्ये राहिला, जपान आणि अमेरिकेत राजदूत होता. १९१३ मध्ये त्याने नोत्र दामच्या त्या संध्याकाळची हकीकत लिहिली.

त्याच १९१३ मध्ये क्लोदेल कुटुंबाने कामीयला मनोरुग्णालयात ठेवलं. ती नावाजलेली शिल्पकार होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सुचवलं, तरी घरच्यांनी नेलं नाही. पॉल ३० वर्षांत मोजक्याच वेळा तिला भेटला. १९४३ मध्ये ती मनोरुग्णालयातच वारली.

पॉल १९५५ मध्ये गेला, तोवर त्याची श्रद्धा टिकली. जे कुठल्या युक्तिवादाने झालं नव्हतं, ते मुलांच्या गाण्याने झालं. मात्र गाण्याने फक्त दार उघडलं. आत जायला त्याला चार वर्षं लागली, आणि आत गेल्यावरही माणूस म्हणून तो कमी पडलाच.