हसरा सनातनी

राजकारणावर लिहिणाऱ्याने कपाळाला आठ्या घालाव्यात आणि नाटक-कादंबऱ्यांवर लिहिणाऱ्याने तेवढे हसावे, अशी वृत्तपत्रांतील कामाची वाटणी फार जुनी आहे. गिल्बर्ट कीथ चेस्टर्टन याने ती कधीच मानली नाही. २९ मे १८७४ रोजी लंडनमध्ये जन्मलेला हा लेखक चित्रकला शिकण्यासाठी स्लेड विद्यालयात गेला, पदवी न घेताच बाहेर पडला आणि वृत्तपत्रसृष्टीत शिरला तो कायमचा. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधील त्याचे साप्ताहिक सदर १९०५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे तीन दशके चालले. मंत्रिमंडळापासून पनीरापर्यंत कोणताही विषय त्यात वर्ज्य नव्हता.

पोरांच्या स्वस्त साहसकथांमुळे गुन्हेगारी वाढते, अशी ओरड त्या काळी इंग्लंडातील सुशिक्षित करीत. १९०१ साली चेस्टर्टनने या कथांची बाजू घेतली. सामान्य माणसाला गोष्टीची भूक असते, शौर्य आणि इमान यांवरची श्रद्धा या हिणकस पुस्तकांतच शाबूत आहे, आणि नीती पोखरणारे वाङ्मय असेल तर ते प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात सापडेल, असा त्याचा युक्तिवाद होता. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या नावाने नाके मुरडणाऱ्यांच्या वाचनात तो आला असता तर बरे झाले असते. पुढे फादर ब्राऊन हा पाद्री-गुप्तहेर निर्माण करून (पहिला संग्रह १९११) चेस्टर्टन स्वतःच त्या पंगतीत जाऊन बसला.

कुटुंब, परंपरा, छोटी मालमत्ता यांचा हा कैवारी होता. पण बोअर युद्धाला त्याने विरोध केला, आणि बड्या भांडवलाचा त्याला समाजवादाइतकाच तिटकारा होता. बर्नार्ड शॉशी त्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. एक सडपातळ, शाकाहारी, मद्य वर्ज्य मानणारा. दुसरा अगडबंब आणि खाण्यापिण्याचा शौकीन. हे दोघे व्यासपीठावर एकमेकांच्या मतांच्या चिंध्या करीत आणि मैत्रीला मात्र ओरखडा उठू देत नसत. १९२७ सालच्या त्यांच्या जाहीर वादाचे अध्यक्षस्थान हिलेअर बेलॉकने भूषविले होते. या थट्टेमागे काय पणाला लागले होते, ते सुप्रजननाच्या प्रश्नावर दिसले. दुबळ्यांच्या संततीवर सरकारने निर्बंध घालावेत, ही कल्पना तेव्हा पुरोगामी समजली जाई. शॉही तिच्या बाजूचा होता. चेस्टर्टनने १९२२ साली तिच्याविरुद्ध पुस्तक लिहिले. पुढे जर्मनीत जे घडले ते पाहता, येथे या सनातन्याचीच नजर स्वच्छ होती असे म्हणावे लागते.

सर्वत्र ती तशी नव्हती. धाकटा भाऊ सेसिल याला मार्कोनी प्रकरणात १९१३ साली बदनामीबद्दल शंभर पौंड दंड झाला. त्या प्रकरणाची कटुता चेस्टर्टनच्या मनातून गेली नाही, आणि ज्यूंविषयी त्याने जे लिहिले त्याचे समर्थन करणे आम्हांस अशक्य वाटते. हसत लिहिले म्हणून विष सौम्य होत नाही.

हिंदुस्थानशी त्याचा संबंध आला तो एका लेखापुरताच. १८ सप्टेंबर १९०९ च्या सदरात त्याने लंडनमधील हिंदी राष्ट्रवाद्यांची फिरकी घेतली. हे लोक मागतात ते सारे इंग्रजी नमुन्याचे आहे. त्यांच्या राष्ट्रवादात हिंदी असे फारसे काही नाही, असा त्याचा आक्षेप होता. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन गांधीजी तेव्हा लंडनमध्येच होते. त्यांना तो लेख इतका भिडला की त्यांनी तो ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांपुढे ठेवला. त्याच नोव्हेंबरात ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर, परतीच्या प्रवासात, दहा दिवसांत ‘हिंद स्वराज्य’ गुजरातीत लिहून झाले. मुंबई सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली.

चेस्टर्टन १९२२ साली कॅथलिक झाला. १९२५ पासून तो स्वतःच्या नावाचे साप्ताहिक चालवीत होता, आणि त्याची तूट फादर ब्राऊनच्या कमाईतून भरून निघे. १४ जून १९३६ रोजी बीकन्सफील्ड येथे त्याचे निधन झाले, तेव्हाही ते साप्ताहिक चालूच होते.