दगड वाचणारा माणूस

गिब्जचा फेज रूल आपण सगळ्यांनीच घोकलाय आणि व्हायवा संपल्यावर इमानदारीत विसरलोही! पण एका २३ वर्षांच्या पोराने हाच नियम घेऊन अख्खे डोंगर वाचून काढले, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. त्या पोराचं नाव व्हिक्टर गोल्डश्मिट.

जन्म २७ जानेवारी १८८८, झुरिच. वडील रसायनशास्त्रज्ञ. १९०१ मध्ये त्यांना क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, प्राध्यापकाची जागा मिळाली आणि हे ज्यू कुटुंब नॉर्वेचं झालं.

ऑस्लोच्या परिसरात २५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तापलेला शिलारस शेल आणि चुनखडीच्या जुन्या थरांत घुसला होता. लगतचा दगड वितळला नाही, पण भट्टीतल्या मडक्यासारखा भाजून निघाला. घन अवस्थेतच अणूंनी जागा बदलल्या आणि नवी खनिजं जन्मली. शेलमध्ये अँडालुसाइट, कॉर्डिएराइट; चुनखडीत गार्नेट, व्हेसुव्हियानाइट, वोलॅस्टोनाइट. लोक हौसेने शोकेसमध्ये ठेवतात ते गार्नेटचे कितीतरी स्फटिक अशाच सीमेवर सापडतात. शिलारसातून निघालेलं गरम पाणी सिलिका, लोह वगैरे घेऊन चुनखडीत शिरतं. जिथे पोकळी मिळेल तिथे स्फटिक ऐसपैस वाढतो, त्याचे पैलू नीट उमटतात. दाटीवाटीत नुसते दाणे होतात. (तिघांच्या रूममध्ये पाच जण राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!)

गोल्डश्मिट यांनी १९११ च्या प्रबंधात हे भाजलेले दगड तपासले आणि एक साधी गोष्ट दाखवली. तापमान आणि दाब दोन्ही बदलायला मोकळे असतील, तर एका दगडात शेजारीशेजारी सुखाने नांदणाऱ्या खनिजांची संख्या घटकांच्या संख्येपेक्षा जास्त नसते. म्हणजे डोंगर मनमानी करत नाही, तोही आपल्या बीकरसारखेच नियम पाळतो. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅल्साइट आणि क्वार्ट्झपासून वोलॅस्टोनाइट कुठल्या तापमान-दाबाला बनेल, याचं गणित मांडलं. त्यामुळे खनिज बघून दगड किती तापला होता, याचा अंदाज बांधता येऊ लागला. २६ व्या वर्षी ते प्रोफेसर झाले. पुढे अणूंच्या आकारावरून कुठलं मूलद्रव्य कुठल्या खनिजात बसेल हे सांगून त्यांनी आधुनिक भू-रसायनशास्त्राचा पाया घातला.

१९२९ मध्ये ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. नाझी आल्यावर १९३५ मध्ये राजीनामा देऊन नॉर्वेत परतले, पण १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोचल्या. त्या काळात ते खिशात सायनाइड बाळगत. असं सांगतात की एका सहकाऱ्याने ते मागितलं, तेव्हा विष फक्त केमिस्ट्रीवाल्यांसाठी, मेकॅनिकलवाल्यांनी दोर वापरावा, असं त्यांनी सुनावलं! मी स्वतः मेकॅनिकलचा. आधी हसलो, मग हसू थांबलं.

ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांना अटक झाली, सुटले, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा पकडून २६ तारखेला बंदरावर नेलं. 'डोनाऊ' जहाज उभं होतं. हा शास्त्रज्ञ देशाला उपयोगी आहे, असं सहकाऱ्यांनी पटवल्यामुळे ऐनवेळी त्यांना रांगेतून बाहेर काढलं. जहाज ५०० हून जास्त ज्यूंना घेऊन गेलं, त्यांना पुढे ऑशविट्झला पोचवलं. त्यातले बोटांवर मोजण्याइतकेच वाचले.

डिसेंबरमध्ये ते लपतछपत स्वीडनला पोचले, १९४३ मध्ये ब्रिटनला. तब्येत मात्र पार खालावली. १९४६ मध्ये ऑस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी ५९ व्या वर्षी गेले. त्यांचा 'जिओकेमिस्ट्री' हा ग्रंथ १९५४ मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका हिऱ्यात सापडलेल्या नव्या खनिजाला गोल्डश्मिटाइट असं नाव दिलं गेलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्यांचं ज्ञान उपयोगी होतं म्हणून ते वाचले. त्या रांगेतले बाकीचे काय निरुपयोगी होते? फेज रूलकडे याचं उत्तर नाही. ते आपल्यालाच शोधावं लागेल.