सुभेदार मल्हारराव होळकर

दिल्लीहून काला अंबला गेलेले आम्ही मराठी लोक स्मारकस्तंभापुढे नतमस्तक होतो आणि परतीच्या वाटेवर हमखास एकाच प्रश्नावर वाद घालतो. १४ जानेवारी १७६१ रोजी मल्हारराव होळकर पानिपतच्या रणांगणातून का निघून गेले? त्याचे उत्तर त्या एका दिवसात सापडणारे नाही.

मल्हाररावांचा जन्म १६९३ सालचा. नीराकाठचे होळ हे त्यांचे गाव. त्यावरूनच होळकर हे आडनाव रूढ झाले. पितृछत्र बालपणीच हरपल्याने खानदेशात मामांच्या आश्रयाने ते वाढले. पुढे थोरल्या बाजीरावांनी त्यांचे गुण हेरले आणि हा धनगराचा पोर माळव्याचा सुभेदार झाला. राणोजी शिंदे हे त्यांच्या बरोबरीचे सरदार. उत्तरेतील मराठी सत्ता या दोन घराण्यांच्या खांद्यांवर उभी होती.

पुढे जयपूरच्या गादीच्या तंट्यात होळकरांनी माधोसिंगाचा पक्ष घेतला, तर राणोजींचे पुत्र जयाप्पा ईश्वरीसिंगाकडे झुकले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचा एकुलता एक पुत्र खंडेराव तोफेच्या माऱ्यात ठार झाला. पुत्रशोकाने व्याकूळ पित्यास सूड हवा होता. जयाप्पांनी मात्र सुरजमल जाटाशी सलोख्याचा मार्ग धरला. ती जखम कधी बुजली नाही. १७५७ साली दिल्लीत हाती लागलेला नजीबखान मल्हाररावांच्याच मध्यस्थीने सुटला. तोच नजीब पुढे अब्दालीस मिळाला आणि १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर जयाप्पांचे बंधू दत्ताजी धारातीर्थी पडले.

पानिपतावर भाऊसाहेबांचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर होता, तर मल्हाररावांचा गनिमी काव्यावर. वृद्ध सुभेदारांचा सल्ला मागे पडला. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी शिंदे गेले. होळकर आपल्या फौजेसह बाहेर पडले.

त्यांना भित्रे म्हणावयास आमचे मन धजत नाही. त्याच वर्षअखेरीस मांगरोळ येथे त्यांनी जयपूरच्या फौजेचा पराभव करून माळव्यातील मराठी सत्ता सावरली. मात्र ती फौज माधोसिंगाची होती! ज्याच्यासाठी शिंद्यांशी वाकडे घेतले, तोच अखेर शत्रू म्हणून समोर उभा ठाकला. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे सुभेदारांनी देह ठेवला.

आमच्या मंडळातही पन्नास वर्षांत रुसवेफुगवे पुष्कळ झाले. प्रत्येकाजवळ त्याचे सबळ कारण होते. तसे ते मल्हाररावांजवळही होते, जयाप्पांजवळही होते. काला अंबच्या मातीत जे निजले आहेत, त्यांना मात्र ही कारणे कोणी सांगावयाची?