थेम्सचा काठ घडविणारा अभियंता

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्थानकालगतच्या बागेत एक जुनी दगडी कमान उभी आहे. १६२६ साली बांधलेल्या या यॉर्क वॉटर गेटच्या पायऱ्यांना एकेकाळी थेम्सचे पाणी लागत असे. उमराव तेथूनच नावेत बसत. आज नदी या कमानीपासून सुमारे १४० मीटर दूर आहे. मध्ये हिरवळ, फुलांचे ताटवे, रुंद रस्ता आणि ग्रॅनाइटचा कठडा. नदीला इतके मागे सारणारे गृहस्थ म्हणजे सर जोसेफ बॅझलजेट.

१८१९ मध्ये एनफिल्ड येथे जन्मलेल्या बॅझलजेट यांचे घराणे मूळचे फ्रेंच. रेल्वेबांधणीच्या धामधुमीत अतिश्रमाने त्यांची प्रकृती १८४७ मध्ये पार ढासळली. त्यातून सावरल्यावर, १८४९ मध्ये, ते लंडनच्या गटार आयोगाच्या नोकरीत शिरले. शहराचा सारा मैला तेव्हा थेम्समध्ये जात होता आणि त्याच नदीचे पाणी अनेक घरांत प्यायले जात होते. १८५३-५४ च्या पटकीने लंडनमध्ये दहा हजारांहून अधिक माणसे नेली.

१८५६ मध्ये ते मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सचे मुख्य अभियंता झाले. त्यांचे आराखडे मात्र सरकारदरबारी फेऱ्या मारीत राहिले. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने काठावरच्या पार्लमेंटलाच नाक धरावयास लावले, तेव्हा काही आठवड्यांत कायदा झाला आणि कर्ज उभारण्याची मुभा मिळाली. रोग दुर्गंधीतून पसरतो, हा त्या काळचा समज चुकीचा होता. उपाय तेवढा अचूक निघाला.

नदीला समांतर अशी १३० किलोमीटरहून अधिक लांबीची मुख्य भुयारी गटारे त्यांनी आखली. त्यांपैकी एक स्ट्रँडसारख्या गजबजलेल्या रस्त्याखालून न्यायचे, तर व्यापार ठप्प झाला असता. म्हणून नदीच्याच पात्रात भराव घालून वेस्टमिन्स्टर ते ब्लॅकफ्रायर्स असा व्हिक्टोरिया एम्बँकमेंट उभारण्यात आला. १८६४ मध्ये सुरू झालेले हे काम १८७० च्या जुलैत लोकांसाठी खुले झाले. खाली गटार, त्यावर वायू व पाण्याच्या नळांचे भुयार, शेजारी भुयारी रेल्वे आणि माथ्यावर रस्ता व झाडे. सुमारे ३७ एकर जमीन नव्याने मिळाली.

खरा वाद पेटला तो या जमिनीवरून. व्हाइटहॉललगतचा भाग राजसत्तेच्या मालकीचा असल्याचे सांगून ग्लॅडस्टन सरकारने तेथे कार्यालये बांधण्याचा घाट घातला. पण बांधाचा खर्च भागला होता तो लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरील व मद्यावरील करातून. म्हणजे अगदी गरिबाच्या शेगडीनेही त्याला हातभार लावला होता. वेस्टमिन्स्टरचे खासदार आणि पुस्तकविक्रेते डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी ही जागा लोकांचीच राहावी म्हणून १८७० मध्ये सभागृहात ठराव आणला आणि सरकारच्या विरोधाला न जुमानता तो मंजूर झाला. त्यानंतरही घासाघीस चाललीच. अखेर १८७५ मध्ये तेथे बाग झाली. आज तिच्यात बसणाऱ्यास या झगड्याची कल्पनाही नसेल.

बॅझलजेट यांच्या यशाला एक काळी किनारही आहे. मैला शहराबाहेर गेला, पण शुद्ध झाला नाही. तो पूर्वेकडे बेक्टन व क्रॉसनेस येथे, ओहोटीच्या वेळी, तसाच नदीत सोडला जाई. १८७८ मध्ये त्याच परिसरात प्रिन्सेस ॲलिस ही उतारूंची बोट टक्कर होऊन बुडाली आणि सहाशेहून अधिक लोक मेले. तेथील गलिच्छ पाण्याने बळींची संख्या वाढली, असे तेव्हा उघड बोलले गेले. पुढे १८८७ पासून घट्ट गाळ वेगळा काढून जहाजांतून समुद्रात टाकला जाऊ लागला. नदीकाठची बाग कोणाला मिळते आणि घाण कोणाच्या दारी जाते, हा प्रश्न त्यांच्या कामाबरोबरच आला होता, हे मान्य करावे लागते.

पुढे सर हा किताब मिळालेले बॅझलजेट १८९१ च्या मार्चमध्ये विम्बल्डन येथे निवर्तले. त्यांनीच बांधलेल्या काठाच्या भिंतीत त्यांचा अर्धपुतळा बसविलेला आहे. वाढत्या लोकसंख्येमुळे पाऊस पडला की त्यांची गटारे नदीत ओसंडू लागली, म्हणून थेम्सखाली २५ किलोमीटरचा नवा बोगदा खणण्यात आला. २०२५ मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला. त्याचा खर्च लंडनकरांच्या पाणीबिलांतून वसूल होतो. या कामासाठी ब्लॅकफ्रायर्सजवळ पुन्हा एकदा नदीत भराव घालण्यात आला आणि तेथे तयार झालेल्या सार्वजनिक जागेला बॅझलजेट यांचे नाव देण्यात आले आहे.