रूझवेल्ट यांचे पाय आणि हृदय

फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांचे नाव निघाले की महामंदी, 'न्यू डील' आणि दुसरे महायुद्ध यांचे स्मरण होते. त्याचबरोबर पोलादी पट्ट्यांच्या आधाराने उभी राहणारी एक जिद्दी मूर्तीही डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या व्याधीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तिने त्यांचा प्राण घेतला नाही. प्राण घेणारी व्याधी निराळी होती आणि तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र याच दृष्टीने अभ्यासावे.

रूझवेल्ट यांचा जन्म १८८२ चा. १९२१ च्या ऑगस्टमध्ये, वय ३९ असताना, त्यांचे पाय लुळे पडले आणि पोलिओचे निदान झाले. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले. तेथील कोमट झऱ्यांच्या पाण्यात व्यायाम केल्याने त्यांना बरे वाटू लागले. १९२६ मध्ये त्यांनी ती जागाच विकत घेतली आणि पुढल्या वर्षी पोलिओग्रस्तांसाठी तेथे संस्था उभारली. स्नायूंच्या पुनर्वसनाला अमेरिकेत जी प्रतिष्ठा लाभली, तीत या संस्थेचा वाटा मोठा आहे.

पायांची अशी निगा राखली जात असताना रोहिण्यांतील दाब मात्र निमूटपणे चढत होता. १९३५ मध्ये १३६/७८ असलेला रक्तदाब १९३७ मध्ये १६२/९८ आणि १९४१ मध्ये १८८/१०५ झाला. राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर रॉस मॅकिंटायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, कठीण झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे ढकलण्यास तो आवश्यकच आहे, असा समज त्या काळी अनेक वैद्यांमध्येही रूढ होता. दोष एका व्यक्तीपेक्षा त्या काळच्या अपुऱ्या ज्ञानाचा अधिक होता.

२७ मार्च १९४४ रोजी बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले. रक्तदाब १८६/१०८ भरला. हृदय वाढलेले होते आणि त्याचा डावा कप्पा थकला होता. वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे रक्त ढकलताना हृदयाचा स्नायू प्रथम जाड होतो आणि पुढे हरतो; मग रक्त फुप्फुसांत तुंबते, धाप लागते आणि आडवे पडणेही कठीण होते. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. डिजिटॅलिस, कमी मीठ, विश्रांती आणि धूम्रपानात कपात या उपायांनी थोड्याच दिवसांत उतार पडला. तथापि रक्तदाब खात्रीने उतरवणारे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते. रुग्णाला निदान सांगितले गेले नाही. त्यांनीही ते विचारले नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये मतदारांनी त्यांना चौथ्यांदा निवडले, तेही या अज्ञानातच. १२ एप्रिल १९४५ रोजी त्याच वॉर्म स्प्रिंग्जमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने ते वयाच्या ६३ व्या वर्षी निवर्तले. शेवटच्या त्या तासांत वरचा रक्तदाब ३०० च्या पुढे गेला होता.

राष्ट्राने यातून बोध घेतला. १९४८ मध्ये अमेरिकेत हृदयरोगविषयक कायदा झाला. त्याच वर्षी फ्रेमिंगहॅम गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. वाढता रक्तदाब हा वयाचा निरुपद्रवी परिणाम नसून हृदयविकाराला व पक्षाघाताला निमंत्रण आहे, हे अशा अभ्यासांनी सिद्ध केले.

आज स्थिर प्रकृतीच्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला मोजका व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो. चालताना पोटरी दुखते आणि थांबताच शमते, अशा रोहिणीविकारातही देखरेखीखालील चालणे गुणकारी ठरते. म्हणूनच व्यायाम देणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. गुडघा वाकवण्यापूर्वी त्याने रक्तदाब मोजला पाहिजे. घोट्यावरची सूज, रात्रीची धाप आणि एकाएकी वाढलेले वजन यांची विचारपूस केली पाहिजे, आणि शंका येताच रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवले पाहिजे. कर्जावरील व्याजाप्रमाणे हा रोग मुकाट्याने साचत जातो आणि वसुली मात्र एकरकमी करतो. रूझवेल्ट यांच्या पायांना त्या काळचे उत्तम उपचार मिळाले. त्यांच्या हृदयाकडे लक्ष गेले तेव्हा आयुष्याचे जेमतेम एक वर्ष उरले होते.